गाठ जुनी का नवी

मे महिन्यात मोठे मामा सुरतला लग्नाला गेले होते. जाताना ताप्ती लाईनची गाडी, येताना रात्रीची बस, म्हणजे दोन्ही वेळेस सात-आठ तास पाय लोंबकळत बसलेले, वरून ते ऊन आणि पाणी पिणं कमी. आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळीच मामींचा फोन, डावा पाय सुजलाय, पोटरी अशी टणक झालीय की बोट दाबलं तर ओरडतात, तू ये. मी अमळनेरला छोटी पॅथॉलॉजी लॅब चालवते आणि मामांचं गाव रावेर तालुक्यात, मध्ये जळगाव, भुसावळ, सावदा, तीन-साडेतीन तास सहज जातात, पण "पोटरी टणक" ऐकलं आणि मी सॅम्पल घेणाऱ्या पोरीच्या हातात लॅबच्या चाव्या दिल्या आणि निघाले. कारण मागच्या वर्षी याच पायात गाठ झाली होती. पावसाळ्यात केळीच्या बागेत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि तीन आठवड्यांनी पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी, डीव्हीटी म्हणतात ते. सहा महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या चालल्या, मग डॉक्टरांनी बंद केल्या, आणि बंद होऊन जेमतेम चार महिने झाले होते.

घरी पोचल्यावर मामींच्या शिलाई मशीनच्या खणातली टेप घेतली. गुडघ्याच्या खाली हाडाचा उंचवटा असतो तिथून दहा सेंटिमीटर खाली पेनने खूण केली आणि दोन्ही पोटऱ्या मोजल्या. डावी ३८, उजवी साडेचौतीस. तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असला की डॉक्टर लोक ज्या स्कोअरवर डीव्हीटीची शक्यता काढतात त्यात एक पॉइंट पडतो, आधी गाठ होऊन गेलेली असली की अजून एक. त्याच दुपारी मामांना गाडीत घालून जळगावला नेलं.

डॉपलरच्या, म्हणजे शिरांच्या सोनोग्राफीच्या, खोलीत मला उभं राहू दिलं म्हणून मी सगळं बघितलं. गुडघ्याच्या मागच्या खळग्यात जेल लावून प्रोब टेकवला की स्क्रीनवर दोन काळे गोल दिसतात. एक धडधडतो, ती धमनी. दुसरा शांत असतो, ती शीर. शीर निरोगी असेल तर प्रोब जरा दाबला की ती चपटी होऊन मिटते, डोळा मिटावा तशी, दाब सोडला की परत उघडते. मामांची मिटत नव्हती. अर्धी दबायची आणि मध्ये राखाडी असं काहीतरी अडून राहायचं. चार-पाच वेळा दाबून बघितलं आणि रिपोर्ट आला तो असा, की पॉप्लिटिअल व्हेनमध्ये, म्हणजे गुडघ्यामागच्या त्या शिरेत, थ्रॉम्बस म्हणजे गाठ आहे, मधून रक्त थोडं वाहतंय, जुन्यावर नवीन असू शकतं, क्लिनिकली कोरिलेट करा, म्हणजे पेशंटकडे बघून ठरवा.

बाहेर बाकावर बसून मामांनी मला एकच विचारलं, "माय, हे गाठ मागच्या सालची हाये का आताची, तेवढं सांग मले." मी म्हटलं, मामा, नक्की नाही सांगता येत. तर म्हणे, "ठिबकच्या नळीत खार बसेल हाये का शेवाळ, हे मी नळी दाबून सांगतो. एवढ्या मोठ्या मशीनले नाही सांगता येत?"

मला तिथे बाकावर गप्प बसावं लागलं, कारण प्रश्न बरोबर होता. ज्यांनी ठिबक वापरलंय त्यांना माहीत आहे, शेवाळ असलं तर नळीच्या टोकाची कॅप उघडून पाणी सोडलं की बरंचसं निघून जातं, खार बसला असेल तर अॅसिड सोडावं लागतं, दोन्हीला नळी चोकच म्हणतात पण उपाय वेगळा. पायाच्या शिरेचंही तसंच आहे. गाठ ताजी असेल तर ती वाढू शकते, तिचा तुकडा सुटून वर फुप्फुसात जाऊ शकतो आणि माणूस दगावू शकतो, तिला गोळ्या लागतातच. गाठ जुनी असेल तर ती आता गाठच राहिलेली नसते, शिरेच्या भिंतीला चिकटलेला व्रण असतो तो, कित्येकांच्या शिरेत असा व्रण वर्षानुवर्षं राहतो, आणि त्या शिरेमुळे पाय नुसताच सुजतो, विशेषतः जास्त बसलं की. त्याला रक्त पातळ करायच्या गोळ्यांचा काहीच उपयोग नाही. आणि दुसऱ्यांदा गाठ झाली असं एकदा कागदावर लिहिलं गेलं की गोळ्या बहुतेक कायमच्याच मागे लागतात. आता ७१ वर्षांचा माणूस, अजून रोज बागेत जातो, विळ्याने पानं कापतो, घड उतरवताना मजुरांबरोबर उभा राहतो, त्याला कायमची रक्त पातळ करायची गोळी द्यायची का नाही हा साधा प्रश्न नाही.

डॉपलरमध्ये जुनं-नवं ओळखायच्या काही खुणा असतात, ताजी गाठ असली की शीर फुगलेली आणि गाठ मऊ, जुनी असली की शीर आक्रसलेली, भिंत जाड, आजूबाजूला बारीक बारीक पर्यायी शिरा. पण मामांसारखं अर्धं हे अर्धं ते असलं की चांगले चांगले रेडिओलॉजिस्ट अडतात. खरी मदत होते ती जुन्या मापाची. गोळ्या बंद करताना एक डॉपलर करून, शीर दाबल्यावर मध्ये किती मिलिमीटर जाडी उरते ते लिहून ठेवायचं. मग पुढे पाय सुजला तर परत मोजायचं, चार मिलिमीटर किंवा जास्त वाढ दिसली तर नवीन गाठ, तेवढीच असली तर जुनीच. मामांचं गोळ्या बंद करतानाचं डॉपलर झालं होतं, मी स्वतः घेऊन गेले होते, पण ते जिथे केलं तिथल्या रिपोर्टमध्ये एक ओळ होती, "थोडा थ्रॉम्बस शिल्लक आहे", माप नाही, आणि फिल्म मागायला गेलो तर सिस्टिममधून उडाली म्हणे. एक आकडा हवा होता फक्त. एक आकडा लिहिला असता तर त्या दिवशी बाकावर मामांना उत्तर देता आलं असतं. मला याचा अजून राग येतो.

मग राहिली डी-डायमर, गाठीतून रक्तात सुटलेले तुकडे मोजणारी रक्ताची टेस्ट, ती माझ्या हातातली. निळ्या झाकणाची सायट्रेटची ट्यूब, त्यात २.७ मिली रक्त खुणेपर्यंत बरोब्बर, कमी भरलं तर रिझल्ट चुकतो, हळू उलटी-सुलटी करायची, सेंट्रिफ्यूज लावायचं आणि वरचा पिवळा प्लाझ्मा घ्यायचा. कोविडच्या दोन वर्षांत ही टेस्ट आमच्याकडे घराघरात माहीत झाली, शेतातली माणसं पण "डायमर किती आला" विचारायची. मामांचा आला ११८०. साधारण ५०० च्या खाली असला तर गाठीची शक्यता कमी धरतात, पन्नाशीनंतर वयाला दहाने गुणून जो आकडा येईल तो धरतात, म्हणजे मामांसाठी ७१०. त्याच्याही वर होता. पण डी-डायमर निगेटिव्ह आली तरच ती खात्रीने काही सांगते. पॉझिटिव्ह आली तर गाठ असेल, नाहीतर इन्फेक्शन असेल, ऑपरेशन झालेलं असेल, कॅन्सर असेल, गरोदर बाई असेल, नुसतं वय असेल. आणि गाठ असलीच तरी कुठे आहे ते ती सांगत नाही, सगळ्या अंगातलं रक्त एकच.

त्या रात्री मामांकडेच राहिले, झोप लागेना, आणि मला आमच्या डीएमएलटीच्या, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाच्या, वेळचं एक लेक्चर आठवलं ज्यात सरांनी ओझरतं सांगितलं होतं की एकेकाळी गुठळीला चिकटणारी अँटिबॉडी बनवून, तिला किरणोत्सर्गी अणू लावून, ती शिरेतून देऊन कॅमेऱ्याने गाठीचा फोटो काढायचे. तेव्हा परीक्षेत येणार नाही म्हणून वहीत पण लिहिलं नव्हतं. आता मात्र पुढचे पंधरा दिवस मी रोज रात्री लॅब बंद केल्यावर हेच वाचत होते, आणि जे सापडलं ते इथे लिहिते, कारण मामांनी बाकावर विचारलेल्या प्रश्नाचं सगळ्यात सरळ उत्तर तिथे होतं.

सुरुवात अँटिबॉडीच्या आधीची आहे. आपल्या रक्तात फायब्रिनोजेन नावाचं प्रोटीन विरघळलेलं असतं, प्लाझ्मात लिटरमागे २ ते ४ ग्रॅम. गाठ होते तेव्हा यातूनच फायब्रिनचे धागे बनतात आणि जाळं विणलं जातं. मग कुणाला तरी सुचलं की फायब्रिनोजेनलाच किरणोत्सर्गी आयोडीन लावून शिरेतून दिलं तर जिथे गाठ बनतेय तिथे ते विणलं जाईल आणि पायावर किरण मोजणारा काउंटर फिरवला की तिथे जास्त आवाज येईल. हे काम लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये ज्यांनी नावारूपाला आणलं ते विजय कक्कर, मूळ पंजाबचे सर्जन. १९६९ मध्ये त्यांनी ऑपरेशन झालेल्या १३२ जणांचे पाय असे रोज तपासले. ४० जणांच्या पायात गाठ सापडली, म्हणजे जवळपास तिसरा माणूस, आणि बऱ्याच जणांना त्रास काहीच नव्हता. १४ जणांची गाठ तीन दिवसांत आपोआप विरघळली, ९ जणांची वर सरकत गुडघ्यापर्यंत आणि मांडीत गेली, ४ जणांच्या फुप्फुसात गेली. तोपर्यंत ऑपरेशननंतर माणूस अचानक गेला की "हार्ट बसलं" म्हणून बऱ्याचदा सोडून देत असत. मग १९७५ मध्ये त्यांनीच ४१२१ रुग्णांवरची मोठी ट्रायल छापली, अर्ध्यांना ऑपरेशनच्या आधीपासून पोटाच्या कातडीखाली हेपारिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचं छोटं इंजेक्शन आणि अर्ध्यांना नाही. फुप्फुसात गाठ जाऊन इंजेक्शन न घेतलेले १६ जण गेले, घेतलेले २. आज आपल्याकडे खुब्याच्या ऑपरेशननंतर पोटात ती बारीक सुई टोचतात ना, मामांनाही टोचली होती, ती इथून आली. किरणोत्सर्गी आयोडीनने आधी गाठ मोजता आली म्हणून ती थांबवता आली, हे मला फार मोठं वाटतं.

पण त्या पद्धतीला अडचणी होत्या. आयोडीन थायरॉईडमध्ये जाऊन बसू नये म्हणून आधी साधं आयोडीन पाजून थायरॉईड भरून ठेवायला लागायचं. फायब्रिनोजेन दुसऱ्या माणसाच्या रक्तातून काढायचं, म्हणजे काविळीची भीती. मांडीच्या वरच्या भागात काही कळायचं नाही कारण बाजूलाच मूत्राशय, त्यात सगळं आयोडीन जमा होतंय. आणि एक मोठी अडचण, गाठ आधीच बनून झालेली असली तर फायब्रिनोजेन तिच्यात विणलं जाणार कसं, ते बनताना पाहिजे. म्हणजे पाय सुजल्यावर आलेल्या पेशंटला उपयोग फारसा नाही.

तर आता अँटिबॉडी. १९७५ मध्येच कोहलर आणि मिलस्टाईन यांनी एकाच साच्याची अँटिबॉडी हवी तितकी बनवायची युक्ती काढली, त्याला १९८४ चं नोबेल मिळालं. मग गाठीला चिकटणारी अँटिबॉडी बनवू म्हणणारे खूप जण निघाले, पण सगळे एकाच ठिकाणी अडले. फायब्रिन हे फायब्रिनोजेनपासूनच बनतं, दोन्ही जवळजवळ सारखंच दिसतं. अँटिबॉडी जर दोघांनाही चिकटली तर ती गाठीपर्यंत पोचणारच नाही, शिरेत शिरल्या शिरल्या रक्तात तरंगणाऱ्या त्या ग्रॅमच्या ग्रॅम फायब्रिनोजेनलाच चिकटून संपेल.

फरक कुठे असतो तर टोकाला. गाठ बनताना थ्रॉम्बिन नावाचं एन्झाइम फायब्रिनोजेनच्या साखळ्यांची टोकं छाटतं, एका साखळीचे १६ मणी, दुसरीचे १४ मणी, मणी म्हणजे अमिनो आम्लं. छाटल्यावर जे नवीन टोक उघडं पडतं ते आधी आत झाकलेलं असतं. आपण केळीचा घड भरल्यावर खालचं केळफूल कापतो तेव्हा दांड्याचं टोक उघडं पडतं, लांबून बघूनही कळतं की याचं केळफूल काढलंय, तसंच हे. १९८३ मध्ये हुई, हेबर आणि मात्सुएदा या तिघांनी 'सायन्स' मासिकात छापलं की त्यांनी त्या उघड्या पडणाऱ्या टोकाचे फक्त सात मणी प्रयोगशाळेत जोडून बनवले, ते उंदरांना टोचले आणि त्यातून अशी अँटिबॉडी मिळवली जी फायब्रिनला चिकटते आणि फायब्रिनोजेनला चिकटत नाही. अख्ख्या प्रोटीनमधले सात मणी! मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते आणि मी खुर्चीतून उठून उभीच राहिले.

त्याच वर्षी, १९८३ मध्येच, ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या लोकांनी दुसऱ्या बाजूने हात घातला. फायब्रिनचे धागे एकमेकांना पक्के शिवले गेल्यावरच जी जोडी तयार होते, ती डी-डायमर, तिला ओळखणारी अँटिबॉडी त्यांनी छापली, नाव ३बी६. या अँटिबॉडीवर रक्ताची डी-डायमर टेस्ट उभी राहिली, आणि पुढे तिचंच माणसाच्या साच्यात बसवलेलं रूप करून, तुकडा करून, टेक्निशियम लावून पायातल्या गाठीचे फोटो काढायच्या ट्रायलही झाल्या. म्हणजे ज्या जातीची अँटिबॉडी माझ्या फ्रिजमध्ये २ ते ८ डिग्रीला किटच्या डब्यात ठेवलेली आहे, जी मी रोज दोन-चार पेशंटच्या प्लाझ्मात टाकते, तिच्याच जातीची अँटिबॉडी शिरेतून देऊन गाठ कुठे आहे आणि ताजी आहे का हे बघितलं गेलंय. मी इतकी वर्षं तो डबा उघडतेय आणि मला हे माहीत नव्हतं.

ताजेपणा कसा कळतो ते सांगते. गाठ ताजी असताना ती फायब्रिनने भरलेली असते आणि सारखी वर नवं विणत असते, अँटिबॉडी तिथे भरपूर चिकटते आणि कॅमेऱ्यात तो भाग उजळतो. दिवस जातील तसं शरीर ते फायब्रिन विरघळवतं आणि त्या जागी व्रणाचं चिवट मांस भरतं. तिथे चिकटायला काही उरत नाही. म्हणजे डॉपलरला जे दिसतं ते "इथे काहीतरी अडकलंय", आणि अँटिबॉडीला दिसतं ते "इथे फायब्रिन आहे". मामांना दुसरं हवं होतं.

आता अणूचं. फोटो काढायला गॅमा किरण लागतात, ते शरीराबाहेर येऊन कॅमेऱ्यात पोचतात. सगळ्यात सोयीचा अणू टेक्निशियम-९९एम, आज हाडांचा स्कॅन, हार्टचा स्कॅन बहुतेक याच्यावरच होतो. याचं अर्धआयुष्य सहा तास. सकाळी जेवढा होता त्याच्या निम्मा दुपारी, चौथाई संध्याकाळी. पेशंटला चांगलं, दुसऱ्या दिवसापर्यंत जवळपास संपतो. पण मुंबईहून जळगाव रेल्वेने ४२० किलोमीटर, सहा-सात तास, म्हणजे मुंबईत भरलेली बाटली इथे येईपर्यंत अर्धी. म्हणून टेक्निशियम पाठवत नाहीत, त्याचा बाप मॉलिब्डेनम-९९ पाठवतात, त्याचं अर्धआयुष्य ६६ तास, आणि तो हळूहळू टेक्निशियम होत राहतो. रोज सकाळी सलाईन सोडून तयार झालेला तेवढा टेक्निशियम काढून घ्यायचा, या डब्याला परदेशात गायच म्हणतात आणि काढण्याला दूध काढणं. आपल्याकडे नवी मुंबईत वाशीला ब्रिट आहे, अणुऊर्जा खात्याचं, ते हे जनरेटर बनवतात. आमच्या रावेर-सावद्याची केळी हिरवीच वॅगनमध्ये भरून दिल्लीला जातात आणि पिकवतात तिकडे, मामांना मी हे असं सांगितलं आणि त्यांना लगेच समजलं.

पण सहा तासांचा अणू आणि अँटिबॉडी यांचा मेळच बसत नव्हता. अख्खी अँटिबॉडी म्हणजे दीड लाख डाल्टन वजनाचा वाय आकाराचा जड रेणू, रक्तात दिवसेंदिवस फिरत राहतो. ती रक्तातून निघून फक्त गाठीवर उरेपर्यंत टेक्निशियम संपून गेलेला, आणि त्याआधी फोटो काढला तर सगळ्या शिरा, हृदय, यकृत सगळंच उजळलेलं, त्यात गाठ शोधायची कशी. मग संशोधकांनी वायचा खालचा दांडा कापून फक्त वरचे हात ठेवले, फॅब म्हणतात त्याला, पन्नास हजार डाल्टन. हे मूत्रपिंडातून लवकर बाहेर पडतं, काही तासांत रक्त बऱ्यापैकी साफ होतं. आणि हे कापायचं एन्झाइम कुठलं तर पपेन, कच्च्या पपईच्या चिकातलं. रॉडनी पोर्टर यांनी १९५९ मध्ये पपेननेच अँटिबॉडीचे तुकडे करून तिची रचना उलगडली होती, १९७२ चं नोबेल. शहाद्याकडे पपईच्या बागांमधून गेलेल्या माणसाला तो चिक माहीत आहे, हाताला लागला की कातडी सोलते. तुकडे करण्याचा अजून एक फायदा, अख्खी उंदराची अँटिबॉडी माणसाला दिली की शरीर तिच्याविरुद्धच अँटिबॉडी बनवतं आणि दुसऱ्यांदा द्यायची पंचाईत होते, तुकड्याने ते कमी होतं. काहींनी टेक्निशियमऐवजी इंडियम-१११ लावलं, त्याचं अर्धआयुष्य २.८ दिवस, म्हणजे दुसऱ्या दिवशीही फोटो काढता येतो.

आणि फोटो आले. पोटरीत, गुडघ्यामागे, मांडीत उजळलेल्या रेघा. मग हे आपल्याकडे, अगदी मुंबईतसुद्धा, रोजच्या वापरात का नाही?

एक कारण हेपारिन. पाय सुजलेला माणूस आला की डॉक्टर आधी हेपारिन देतात, स्कॅनची वाट बघत नाहीत आणि बघूही नये. पण हेपारिन दिलं की नवीन फायब्रिन बनणं थांबतं आणि अँटिबॉडीला चिकटायला जागा कमी होते, उजेड मंदावतो. दुसरं, पायात जमतं तसं फुप्फुसात जमत नाही, तिथे रक्तच इतकं आहे आणि बाजूला हृदय, की छोटी गाठ त्यात बुडते, आणि जीव जातो तो फुप्फुसातल्या गाठीने. पण सगळ्यात मोठं कारण म्हणजे त्याच वर्षांत डॉपलर आलं. ना सुई, ना अणू, ना परवानग्या, पाच मिनिटं दाबून बघायचं, तालुक्याच्या गावात पण होतं. फुप्फुसासाठी सीटी अँजिओ आलं. पहिली गाठ शोधायला डॉपलर खरंच उत्तम आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. १९९८ मध्ये अमेरिकेत टेक्निशियम लावलेलं एक औषध मंजूरसुद्धा झालं, अॅक्युटेक्ट, ती अँटिबॉडी नव्हती, गाठीतल्या जाग्या झालेल्या प्लेटलेट्सना चिकटणारा छोटा पेप्टाइड, म्हणजे थोड्याच मण्यांची साखळी, होता, पायातल्या ताज्या गाठीसाठीच. तेही पुढे बाजारातून गेलं. पहिल्या गाठीचा प्रश्न सुटला आणि दुसऱ्या गाठीचा प्रश्न, जुनी का नवी, तो तसाच मागे राहिला. ज्यांना एकदा गाठ होऊन गेलीय आणि पाय परत सुजलाय अशी माणसं काही थोडी नाहीत, माझ्याच लॅबमध्ये महिन्याला दोन-तीन येतात.

काम पूर्ण थांबलेलं नाही. आता अँटिबॉडीपेक्षा लहान रेणू वापरतात, फायब्रिनला किंवा प्लेटलेटला चिकटणारे, आणि पेट स्कॅनचे अणू लावतात, माणसांवरचे पहिले अभ्यास झालेत, हृदयाच्या कप्प्यातल्या गाठीसाठी पण. आणि एमआरआयची एक पद्धत आहे ज्यात इंजेक्शनच लागत नाही, ताज्या गाठीतलं हिमोग्लोबिन बदलतं आणि तेच चमकतं, जुनी गाठ चमकत नाही. मामांना ते कुणी सुचवलं नाही, मलाही तेव्हा माहीत नव्हतं, नाहीतर मी विचारलं असतं. तुमच्या घरात असा दुसऱ्यांदा सुजलेला पाय असेल तर डॉक्टरांना नक्की विचारा, मी डॉक्टर नाही, पण विचारायला काय जातं.

मामांचं काय झालं, तर डॉक्टरांनी सूज, ११८० आणि ते "असू शकतं" हे सगळं बघून नवी गाठ धरूनच गोळ्या चालू केल्या. मला त्यांचं चुकलं असं वाटत नाही. नवी असती आणि सोडून दिली असती तर काय झालं असतं हा विचारसुद्धा नको. सूज आता उतरलीय, पोटरी छत्तीसवर आलीय. विळा मामींनी मजुराकडे देऊन टाकला, मामा दोन दिवस बोलले नाहीत तिच्याशी. आता बांधावर खुर्ची टाकून बसतात आणि अर्ध्या तासाने उठून ठिबकच्या लाईनीच्या शेवटापर्यंत चालत जाऊन येतात, बसून राहायचं नाही असं मी बजावलंय.

परवा परत डॉपलर केलं. यावेळेस मी आधीच हात जोडून सांगितलं, शीर दाबल्यावर उरलेली जाडी मिलिमीटरमध्ये लिहा आणि कुठल्या जागी मोजली तेही लिहा, आणि फिल्म माझ्या हातात द्या. डॉक्टर चांगले होते, तीनदा मोजून लिहिलं. ६.२. फिल्म आता मामांच्या लोखंडी कपाटात सातबाऱ्याच्या फाईलमध्ये आहे, आणि पुढचं डॉपलर पोळा झाल्यावर करायचंय म्हणून मामींनी कॅलेंडरवर पोळ्याच्या चौकटीत पेनाने तो आकडा लिहून ठेवलाय.